चायनीजचे उरलेले तास

टॅक्सी खाली येऊन उभी होती, माझ्या दोन बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि आई अजून गॅलरीतच होती. शेजारच्या सुलभामावशींना सांगत होती, "खोलीकडे वायच लक्ष ठेव गो." लालबागच्या आमच्या चाळीत दिवसभर दारं उघडी असतात आणि आमच्या खोलीत चोरण्यासारखं काही नाही. तरी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जातानाही आई हे वाक्य बोलल्याशिवाय जिना उतरत नाही. त्या दिवशी ती मला विमानतळावर सोडायला निघाली होती. डोळे कोरडे होते, पण वाक्य दोनदा बोलली.

बाबा गेल्यापासून त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. माझं ऑफिस लोअर परळला, बटणं, चेन, लेस असला माल आयात करणारं. तो येतो चीनमधल्या यिवू नावाच्या शहरातून. तिथे कंपनीला आपलं माणूस हवं होतं आणि साहेबांची अट एकच, घासाघीस त्यांच्या भाषेत करता आली पाहिजे. म्हणून मी ऑनलाइन चायनीजचा क्लास लावला. पॅकेजचे पैसे आधी भरायचे, परत मिळायचे नाहीत. शिकवायला शिआन शहरातल्या लिन नावाच्या बाई. तिकडे शिक्षकांना लाओशी म्हणतात, पण आमच्या घरात त्या पहिल्या दिवसापासून लिनबाई झाल्या.

आता आईची एक सवय सांगायला हवी. उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटायला नेला की आमच्याकडच्या बायका मिरच्या देऊन घरी परतत नाहीत. स्टूल ओढून समोर बसतात. आपली मिरची आपल्यासमोर कुटली गेली पाहिजे, शिंका येवोत नाहीतर डोळ्यांतून पाणी. आईने क्लासलाही हाच नियम लावला. मी लॅपटॉप उघडला की ती स्टूल घेऊन शेजारी बसायची. पैसे भरलेत, बाईंनी तास पुरा घेतला पाहिजे. लिनबाईंना स्क्रीनच्या कडेला माझ्या आईचा फक्त कोपर आणि बांगड्या दिसायच्या. शेवटी त्यांनी घाबरत विचारलं, या मॅडम माझं परीक्षण करताहेत का? मी आईला मराठीत सांगितलं, तर आई म्हणाली, "होय म्हणान सांग." मी तसं काही सांगितलं नाही. त्यानंतर लिनबाई तासाच्या सुरुवातीला त्या बांगड्यांनाही नमस्कार करू लागल्या.

मी जाऊ नये असं आई कधी म्हणाली नाही. मला मात्र तिला एकटीला सोडून जायचं जिवावर आलं होतं. ती एकटी कसली, म्हणायची, अख्खी चाळ आहे. तिची काळजी माझ्याबद्दल होती आणि ती एकाच प्रश्नात मावायची. "थंय बाजूक कोण आसा?" ताप आला, पाय घसरून पडलीस, तर पहिलं कळणार कोणाला? मी म्हणायचे, अगं मोठी बिल्डिंग आहे, खूप लोक राहतात. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी निघाले तेव्हा पॅकेजमधले बरेच तास उरले होते. यिवूला पोहोचल्यावर दिवसभर बाजारात तीच भाषा कानावर आदळत होती, वेगळ्या क्लासची गरज उरली नाही. आईला म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, "पैसे भरलेत मां, मग फुकट कित्याक घालवचे?" आणि माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर ती स्वतः बसली. लिनबाईंचं इंग्रजी आणि आईचं इंग्रजी साधारण एकाच इयत्तेतलं, त्यामुळे दोघींचं बरं जमलं असावं. काय शिकतेस विचारलं की सांगायची नाही. कधी मी फोन केला तर म्हणायची, नंतर कर, बाई इल्यात.

इकडे माझी बिल्डिंग वीस-बावीस मजल्यांची. दार बंद झालं की आपण आणि फ्रीजची घरघर. समोरच्या दाराबाहेर कुंड्या होत्या; त्या म्हाताऱ्या चेन मावशींच्या, एवढं मला वॉचमनकडून कळलं होतं आणि तेवढंच मी आईला सांगितलं होतं. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही दोघी मजल्यांचे आकडे बघायचो. तुम्ही मुंबईत असा की माझ्यासारखे कुठे तरी लांब, हे आकडे बघणं तुम्हालाही ठाऊक असेलच.

थंडीत मला सणकून ताप आला. आईचा व्हिडिओ कॉल आला आणि माझं तोंड पाहून ती काय ते समजली. म्हणाली, "दार वाजव समोरचा. फोन तिच्या हातात दी." मी नको नको म्हटलं. अनोळखी बाई, काय वाटेल तिला? आई ऐकेना. शेवटी शाल गुंडाळून मी दार वाजवलं आणि लाजत फोन पुढे केला.

फोनमधून आई चायनीज बोलू लागली. मालवणी हेल काढून, शाळेतल्या कवितेसारखं पाठ केलेलं. नमस्कार, मी हिची आई. आजारी पडली की ही जेवत नाही. माझं घर लांब आहे. तुम्हाला त्रास होईल, पण माझ्या मुलीकडे जरा लक्ष ठेवा. चेन मावशी भराभर काहीतरी बोलल्या, त्यातलं आईला काही कळलं नसणार, पण ती मान डोलावत "हाव, हाव" म्हणत राहिली. चायनीजमध्ये हाव म्हणजे बरं. मी दाराच्या चौकटीला टेकून रडत होते. तापामुळे, असं मी नंतर दोघींना सांगितलं.

तासाभराने वाडगाभर भाताची पेज आली. आपल्यासारखीच, फक्त वर आल्याचे बारीक तुकडे.

बरी झाल्यावर मी लिनबाईंना मेसेज केला. त्यांनी लिहिलं, तुमच्या आईंनी उरलेल्या सगळ्या तासांत एवढंच शिकून घेतलं. त्यांचं शेवटचं वाक्य आमच्या पुस्तकात नाही. मला आधी कळेचना, लक्ष ठेवायचं म्हणजे पहारा करायचा का? त्यांनी मला तुमची गॅलरी दाखवली, शेजारच्या ताईंना बोलावून दाखवलं, मग मी ते वाक्य तयार केलं.

चिनी नववर्षाला चेन मावशी मुलाकडे निघाल्या. सकाळी माझं दार वाजलं. हातात बॅग होती, बोट आपल्या कुंड्यांकडे आणि बंद दाराकडे. मग त्या आईचंच वाक्य बोलल्या, फक्त सावकाश, मला नीट समजावं म्हणून. घराकडे जरा लक्ष ठेव.

मी "हाव" म्हटलं आणि लगेच आईला फोन लावला. मुंबईला परत कधी जाणार, घर कुठलं मानायचं, याची उत्तरं मला अजून देता येत नाहीत. तिथे बाजूला कोण आहे, या आईच्या प्रश्नाचं मात्र आलं. म्हटलं, आई, चेन मावशींच्या बाजूला मी आहे.