भूक ठरवलेली दोर्किस

आमच्या स्कोलोस गावच्या देवळात दोघी देवी आहेत. मेगालार्तोस मोठ्या भाकरीची, मेगालोमाझा सातूच्या पिठाची. गाव त्यांना थोरली आणि धाकटीच म्हणतं. त्यांच्या नैवेद्याचं पीठ गावातल्या काफिसिआसच्या घरून जायचं. दळायची त्याची गुलाम बाई, दोर्किस.

वर्षातून एकदा आम्ही भूक हाकलतो. प्रत्येक घरातला एक गुलाम भूक ठरवायचा आणि निर्गुडीच्या फोकांनी मारत त्याला बाहेर काढायचं. "भूक बाहेर, सुबत्ता आत!" काफिसिआसकडे ही पाळी कायम दोर्किसची. खोटंखोटं बोंबलत ती पळायची, मागच्या दारानं परत यायची. मग मालकीण मेलिता तिच्या पाठीला तेल चोळायची.

पाऊस हुकला, कणग्या रिकाम्या झाल्या, त्या वर्षी मात्र फोक खरेच बसले. दोर्किस मागच्या दाराशी आली, तर आतून अडसर.

"मालकीणबाई, झालं ना आता? उघडा की!"

"हाकललेली भूक कुणी परत घेतं का?" काफिसिआस आतून ओरडला.

"अहो धनी, भूक कसली? मी दोर्किस!"

"एक खाणारं तोंड कमी झालं," तो बायकोला म्हणाला. मेलितानं अडसराला हात लावला नाही.

दोर्किस दारोदार फिरली. "बाई गं, तुला आत घेतलं तर भूकच घरात आली की!" म्हणत बायका दारं लावत. पुजाऱ्यानं तिला देवळाची पायरी चढू दिली नाही. शेवटी खळ्याच्या भिंतीशी ती मरून पडलेली दिसली. भुकेचं मढं म्हणून कुणी हात लावेना.

भर दुपारी मेलिता कुदळ घेऊन आली.

"शिवलीस तर घरात पाऊल टाकू देणार नाही!" नवरा ओरडला.

"नका देऊ." तिनं एकटीनं खड्डा खणला आणि दोर्किसला पुरलं. तिन्हीसांजेला ती घरी गेली. त्यानं दार उघडलं. दळायला दुसरं होतं कोण?

पुढं पाऊस पडला. भूक या खेपेला नीट गेली, असं गाव म्हणू लागलं.

वर्ष फिरलं. काफिसिआसनं नवी पोर विकत आणली होती. सणाच्या दिवशी त्यानं फोक उचलले, तसे मेलितानं ते हिसकावून चुलीत कोंबले.

"या घरातून माणूस हाकलायचं असेल, तर आधी मला हाकला."

त्या दिवशी त्यांच्या घरातून कुणालाच हाकललं नाही. शेजारच्या अंगणात आरोळ्या चालूच होत्या.