तिसऱ्या दिवसाची बशी

लामदुआनचं इस्पितळात कोणाशीच पटत नसे. ईशान्य थायलंडच्या भातशेतांमधल्या त्या इस्पितळात तिने सव्वीस वर्षं थुंकी, रक्त आणि पू काचेच्या बशांवर पसरून जंतू वाढवले, पण माणसं काही जोडली नाहीत. बँकॉकहून डॉक्टर वोरावित आले, तेव्हा तर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती उतरलीच नाही.

वोरावितांचं संशोधन पेशींच्या सफाईवर. पेशी आपल्यातला कचरा पिशवीत गुंडाळून पचवते, आत शिरलेल्या जंतूलाही तसाच गिळते. आजार विकोपाला गेला की ही सफाईच कोलमडते, हे ते येताजाता ऐकवत. प्रयोगशाळेलाही त्यांनी नियम लावला: दोन दिवसांपेक्षा जास्त एकही बशी ठेवायची नाही.

लावणीच्या चिखलात राबणारा खामफान तापाने फणफणून दाखल झाला. आधीच मधुमेह. दुसऱ्या दिवशी त्याच्या थुंकीच्या बशीवर बारीक ठिपके उमटले.

"डॉक्टर, हा शेतातल्या चिखलाचा जंतू. औषध बदला," लामदुआन म्हणाली.

"पुरावा?"

"उद्या ठिपक्यांना सुरकुत्या पडतील, तेव्हा दाखवते. भामटा आहे तो. पेशीने पिशवीचं तोंड आवळायच्या आत निसटतो. तुमची सफाई त्याला पुरी पडत नाही."

वोरावित सगळ्यांदेखत हसले. "मावशी, आता तुम्ही मला पेशी शिकवणार? बाहेरची घाण पडलीय बशीवर. आधी तुमची खोली झाडून घ्या. आणि फेका ते."

तिने बशी फेकली नाही, मागच्या फळीवर सरकवली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला सुरकुत्या दिसल्या. आता शंकाच नव्हती. फोन हाताशी होता. वरच्या मजल्यावर खामफान घशात श्वासाची नळी घालून चुकीच्या औषधावर पडला होता, हेही तिला ठाऊक होतं. पण कालचं हसू तिच्या कानातून जाईना. येऊ दे त्याला खाली, विचारू दे हात जोडून, असं म्हणत ती दुसऱ्या बशा पुसत बसली.

वोरावित आले ते भर दुपारी, पडलेल्या चेहऱ्याने. "मावशी, ती बशी फेकलीत?"

तिने ऐटीत बशी पुढे ढकलली.

"कधी कळलं हे?"

"सातला."

"मग फोन का नाही केलात?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

"अहो, खामफानच्या बायकोने विचारलं, जगतील का? मी नाही म्हणालो. अकराला घरी नेलं त्याला!"

तिकडे शेवटचा श्वास आपल्याच छपराखाली सोडायचा असतो. डॉक्टरने मान हलवली की नातेवाईक गाडी आणतात, घरी पोचल्यावर नळी काढतात. लामदुआनने योग्य औषधाची बाटली खिशात घातली आणि मोटारसायकल पिटाळली.

नळी निघाली होती. खामफान चटईवर स्वच्छ कपड्यांत निजला होता, छातीवर हात जोडलेले. त्याच्या बायकोने, साइथोंगने, लामदुआनला हाताला धरून बसवलं आणि चिकट भाताची टोपली पुढे केली.

"इस्पितळातून तुम्ही एकट्याच आलात, ताई," ती रडत म्हणाली. "ह्यांच्यासाठी किती झटला असाल. खा दोन घास."

लामदुआनने घास तोंडात घातला. मग दुसरा. ती खात राहिली, कारण तोंड रिकामं झालं असतं तर खरं सांगावं लागलं असतं.