फ्रेंच पेढीचा माल आणि हिंगाची फोडणी

फोडणीत हिंग पडला आणि सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, गॅस बंद करा. सगळ्या बाटल्या ओपन केल्यात मी."

हॉलमध्ये फ्रान्सच्या एका जुन्या पेढीचा म्हातारा बसला होता. वाईन आधी हुंगतात, मग पितात, हे मला माहीत होतं. पण जेवणाच्या वेळी आलेला पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून मी वरणाला फोडणी दिली. घरभर हिंगाचा वास पसरला.

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावात सुनेचं वाईनचं दुकान आहे. ही फ्रेंच पेढी पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. द्राक्षमळेवाल्यांकडून वाईन घेते, स्वतःच्या तळघरात मुरवते, स्वतःच्या नावाने विकते. रोजच्या जेवणाच्या बाटलीपासून नातवासाठी ठेवायच्या बाटलीपर्यंत सगळा माल. लहान दुकानांना मात्र फक्त साधा माल देते. सुनेला सगळा हवा होता. दुकानाची फरशी उकरलेली, म्हणून त्याला घरी बोलावलं होतं. तिची पारख बघून तो ठरवणार होता.

"त्याला सॉरी म्हणू का?" मी विचारलं.

"नंतर. आधी ट्रे धरा."

हिंगाच्या वासापासून लांब, सगळं घरामागच्या उघड्या लाकडी डेकवर नेलं. कडेला बर्फ होता. म्हातारा कोट घालून आला.

"तुमच्या सासूबाई काय शिजवतायत?" त्याने विचारलं. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण समजतं.

"वरण. काम झाल्यावर मिळेल."

तिने पांढऱ्या वाईनपासून सुरुवात केली. लाल वाईन थंडीत तुरट लागते, म्हणून ग्लास दोन्ही तळव्यांत धरून ऊब देत राहिली. बोटं लाल झाली तरी बोलणं अडखळलं नाही. कुठली कोणत्या जेवणाबरोबर, कुठली अजून कच्ची, सगळं सांगितलं.

"यातली कुठली विकणार नाही?" त्याने विचारलं.

तिने त्यांचीच एक महाग बाटली बाजूला सरकवली. "ही. तुमच्या नावावर खपते, चवीवर नाही."

मला वाटलं, संपलं. त्याने तो ग्लास पुन्हा हुंगला. "माझा भाऊही हेच म्हणतो," म्हणाला, आणि सगळा माल द्यायचं कबूल केलं.

बिरादरीत लोक अजून कुजबुजतात, सून दारू विकते म्हणून. विकते, आणि चांगली विकते.

कुजबुजणाऱ्यांनी ते पाहिलं नाही; त्या थंडीत डेकवर तिघंच होतो: माझी सून, तो म्हातारा आणि मी.