दादाकडे मागितलेली साइड

भाऊबीजेला केजला आक्काकडे गेलो होतो. ओवाळणं झालं, जेवणं झाली आणि दाजींनी सतरंजीवर पत्ते टाकले... तीन पत्ती, पैशांऐवजी चिंचोके.

अडचण एकच. माझा थोरला भाऊ, दादा, तोही आला होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत मी त्याच्या विरोधातल्या पॅनलचं काम केलं, तेव्हापासून दीड वर्ष आमचं बोलणं बंद. समोरासमोर आलो की दोघंही मोबाईल बघायला लागायचो.

आक्काने आम्हाला मुद्दाम शेजारी बसवलं.

चौथ्या-पाचव्या डावात मला दोन नव्व्या आल्या. आक्काने पानं टाकून दिली होती. दाजी शांतपणे चाल करत होते आणि दादा मात्र दर वेळी चाल वाढवत होता. लहानपणापासून त्याचं असंच... पानं असोत-नसोत, दाबून खेळणार. मी जपून खेळणारा. जोडी टाकवतही नव्हती आणि पुढे जायला धीरही होत नव्हता.

अशा वेळी साइड मागतात. आपल्या आधी चाल केलेल्याला विचारायचं. तो हो म्हणाला तर दोघांनीच एकमेकांची पानं बघायची आणि हलक्या पानांवाल्याने डाव सोडायचा. पण ती तोंडाने मागावी लागते. माझ्या आधी दादा होता... आणि तो नाहीही म्हणू शकत होता.

"कावून थांबलाव? खेळा की!" दाजी म्हणाले. "का मुहूर्त बघताव?"

गुपचूप चिंचोके पुढे सरकवले असते तर बोलायची वेळच आली नसती. मनात देवाचं नाव घेतलं आणि म्हणालो, "दादा... साइड देतो का?"

आक्का अडकित्ता हातात धरून तशीच थांबली. दादा पानांकडे बघत राहिला. मग "ये," म्हणाला आणि माझ्याकडे वाकला.

त्याच्याकडे काहीच नव्हतं. राजा, सत्ती, दुर्री... एवढ्यावर तो सगळ्यांना दाबत होता! माझी जोडी बघून हळूच म्हणाला, "लई भित्रा बे तू. अशी पानं घेऊन इचारतो व्हय?"

"तुझंच भ्याव वाटत होतं," मी म्हणालो.

त्याने पानं टाकली, पण परत सरकून बसला नाही. खांद्याला खांदा लावून म्हणाला, "आता दाब. दाजीकडं काय न्हाई." मी दाबलं... दोनदा. दाजींनी शो मागितला, दोघांनी पानं उघडली. त्यांची पाच, सहा, सात. ओळीने लागलेली!

माझे सगळे चिंचोके गेले. "दोघं मिळून आलाव तरी हरलाव की!" दाजी हसले. दादाने स्वतःच्या ढिगाचे दोन भाग केले आणि एक माझ्यासमोर सरकवला. "धर. अन् पानं वाट." आक्का चहा ठेवते म्हणून उठली, ती बराच वेळ आलीच नाही.

कधी दाबून खेळावं आणि कधी जपून, हे मला अजूनही कळत नाही. एवढं मात्र कळलं, की दीड वर्ष मी करत होतो ते जपून खेळणं नव्हतं... नुसतं पानं धरून बसणं होतं. रोज सकाळी देवाशी बोलणाऱ्या माणसाला भावाशी बोलायला पत्ते लागले. दादा "ये" म्हणाला, हे त्याचे उपकार.