चांदणीची रिकामी पाठ

लोधिवलीच्या मालोजी घोडेवाल्याचा उभा जन्म माथेरानला पाहुणे फिरवण्यात गेला, पण घरी लगाम बायकोच्या हातात. सुंदरा बुटकी, तोंडानं तिखट. खैराच्या माळावर गवताला जायची ती चांदणी घोडी घेऊन. गावातून घोडीवर बसायला मात्र लाजायची. गाव मागं पडलं, की वाटेतल्या चपट्या धोंड्यावर चढून टांग टाकायची आणि परतताना तिथंच उतरून, पदर सारखा करून, चालत गावात यायची. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव ठाऊक नसल्यासारखं वागायचं. एवढी सभ्यता आमच्याकडं दुसऱ्या कुठल्या बाबतीत दिसत नाही.

तीन वर्षांमागं एकदा तिच्याबरोबर गवताला गेलेल्या मालोजीला तिची फिरकी घ्यायची लहर आली. ती धोंड्यावर चढते न चढते तोच तो चांदणीवर बसून निघाला. "आज चाल जरा, राणीसरकार!"

"थांबा की वो, मला सोडून चाललात?" ती ओरडली. तो हसत पुढं गेला. ती गवतातून मागं येत होती, तिथं तिला फुरसं चावलं. दवाखान्यापर्यंत पोचलीच नाही.

त्यानंतर माळावर जाताना मालोजी चांदणीवर खोगीर घालायचा, पण बसायचा नाही. कुणाला बसूही द्यायचा नाही.

यंदा पुतण्यानं, ऋषिकेशनं, बेत काढला. हा रसायनीला कंपनीत कामाला, पण जीव अडकलेला मोबाईलमध्ये. मुंबईचे पाच पाहुणे, घोड्यांवरून रानात जायचं, माळावर तंबू ठोकून राहायचं. रान सरकारी, म्हणून वनखात्याची परवानगी हवी. चूल पेटवायची नाही, शेगडी न्यायची, कचरा परत आणायचा, सगळं ठरलं. अडलं घोड्यांवर.

"पाच पाव्हणे आणि तुमी. सहा घोडी. मी तंबू घेऊन चालतो," ऋषिकेश म्हणाला.

"सात."

"सातव्यावर कोण बसनार?"

"सात म्हंजी सात. नायतर मी येत नाय."

"काका, लोक हसतात वो आपल्याला!"

"हसू दे. मी तिला पुन्ना तिथं उभी सोडनार नाय."

आता काकाशिवाय रानात घोडी कोण सांभाळणार? ऋषिकेश मनात डाव शिजवू लागला.

जागा बघायला वनरक्षक भाग्यश्री आली. कोवळी पोर, पण गणवेशात अशी ताठ, की आमची म्हातारी माणसंही तिला मॅडम म्हणून उठून उभी राहतात. तीन घोडी निघाली. मालोजी पाण्याची बाटली आणायला आत गेला तेवढ्यात ऋषिकेशनं मॅडमना चांदणीवर बसवलं. म्हाताऱ्याचं खूळ एकदाचं निघावं म्हणून! मालोजी बाहेर आला, बघितलं. सरकारी माणसाला उतर कसं म्हणायचं? आपल्या घोड्यावर बसून निघाला.

धोंड्यापाशी चांदणी थांबली. टाच मारली, गूळ दाखवला, ऋषिकेशनं मागून ढकललं. हलेना.

"मॅडम," मालोजी खाली बघत म्हणाला, "उतरा. जागा द्या तिला."

"कुणाला?" म्हणत ती हसत उतरली.

चांदणी आडवी सरकली आणि धोंड्याला अंग लावून उभी राहिली. वारा नव्हता. खोगीर करकरलं. डावी रिकीब ताणून सरळ झाली, घोडीची पाठ थोडी खचली, आणि मग ती आपली आपण चालू लागली. ऋषिकेश खोटं सांगताना कान खाजवतो. हे आम्हाला सांगताना त्याचे हात मांडीवर होते.

मालोजी घोड्यावरून उतरून पुढं चालू लागला. मागं वळून बघितलं नाही. "चल गं," एवढंच म्हणाला, "हाय मी."

माळावर पाण्याचा झरा बघितला, तंबूंची जागा ठरली, घोडी कुठं बांधायची ते ठरलं. चांदणी एकटीच चरत होती आणि तिच्या एका बाजूचं गवत कुणी चालावं तसं दबत होतं.

परतताना भाग्यश्री चांदणीच्या बाजूनं चालत होती. धोंडा आला, घोडी थांबली. म्हाताऱ्या बाईला गाडीतून उतरताना आपण देतो तसा पोरीनं नकळत हात पुढं केला. मग तिच्या ध्यानात आलं. पण हात तिनं लगेच मागं घेतला नाही. खोगीर करकरलं, रिकीब सैल झाली, तेव्हाच घेतला.

गावाची घरं दिसू लागल्यावर, तिनं विचारलं, "काका, घोडी किती म्हणालात?"

"सात."

"आणि बसणारी माणसं?"

मालोजीनं ऋषिकेशकडं बघितलं. ऋषिकेश जमिनीकडं बघत होता.

"मी सातच सांगते वरती," ती म्हणाली आणि तो हात दुसऱ्या हातात धरून, आपल्यामागं कुणीतरी हळू चालत येतंय अशा बेतानं, पावलं लहान टाकू लागली.