बजाबाई आणि गुलनाजचा बिल्ला

सोलापुरातल्या त्या टॉवेलच्या कारखान्यात, धागे कापायच्या खात्यात, बजाबाईंना विचारल्याशिवाय कुणी रडायचंसुद्धा नाही. निदान बजाबाईंचा तसा समज होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. तरुणपणी मंगळवेढ्याहून आलेल्या या बाईला खात्यातल्या प्रत्येकीचा नवरा, सासू आणि दुखणं तोंडपाठ होतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गोल बसत. डबे उघडले की बजाबाई आदल्या दिवशी कानावर आलेलं कुणाचं तरी दुःख शेंगाचटणीसारखं मधे ठेवत. "हिचं असं झालंय गं, काय करावं?" मग जिला जे सुचेल ते ती सांगे. बजाबाईंच्या मते माणुसकी म्हणतात ती हीच.

सून आरोही त्याच खात्यात होती. तिचं मूल पोटातच गेलं, तेव्हा तेही असंच मधे ठेवलं गेलं. कुणी काढा सांगितला, कुणी अक्कलकोटचा नवस. आरोही मान खाली घालून जेवली. तेव्हापासून ती घरी सासूशी मीठमिरचीपुरतंच बोलायची.

यंदा कंपनीनं मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग ठेवलं. पुण्याहून मॅडम आल्या. प्रत्येक खात्यातून एक 'मनमैत्रीण' निवडायची होती, जिच्यापाशी कुणीही मन मोकळं करावं.

"म्हंजे मीच की," म्हणत बजाबाईंनी पदर खोचला.

मॅडमनी जोड्या लावल्या. एकीनं बोलायचं, दुसरीनं नुसतं ऐकायचं. बजाबाईंची जोडीदारीण "झोप येत न्हाय" एवढं म्हणेपर्यंत त्यांनी दोन औषधं सांगितली आणि तिच्या नवऱ्याला एक शिवी हासडली. मनमैत्रिणीचा पिवळा बिल्ला मिळाला गुलनाजला, कालपरवा कामाला लागलेल्या अबोल पोरीला.

बजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मूग गिळून बसायला बी आता ट्रेनिंग लागतं व्हय?"

पण बायका एकेक करून पाण्याच्या टाकीपाशी गुलनाजजवळ जाऊन बसू लागल्या. एक दिवस आरोहीही गेली आणि डोळे पुसत परत आली. आपली सून, आणि तिनं परक्या पोरीपुढं रडावं!

त्यांनी गुलनाजला गाठलं. "काय सांगत हुती गं माझी सून?"

"मावशी, ते तिलाच इचारा की."

हिचा बिल्ला उतरवायचाच, असं बजाबाईंनी ठरवलं. आपणच काहीतरी रचून सांगायचं. उद्या डबे उघडेपर्यंत ते गुलनाजच्या तोंडून खातंभर होणार, मग मॅडमना दाखवू. त्या टाकीपाशी जाऊन बसल्या. पण गुलनाज मधे बोलेचना, आणि रचून आणलेलं लवकरच संपलं.

"घरात माझ्याशी कुणी बोलंना," बजाबाई म्हणाल्या. "हितं बी आता कुणी काय सांगंना. समद्या तुज्याकडं येत्यात. मी लई जळते गं तुज्यावर."

"कवापासनं असं एकटं वाटतंय, मावशी?"

"आरोहीच्या लेकराचं मी समद्यांत बोलले, तवापासनं," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि त्या स्वतःच दचकल्या.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. बजाबाईंनी एकेकीचं तोंड निरखलं. कुणी कुजबुजलं नाही, कुणी त्यांच्याकडं पाहून गालात हसलं नाही. आठवडा गेला तरी आरोहीलासुद्धा काही ठाऊक नव्हतं. बेत फसला होता. गुलनाजनं शब्द बाहेर जाऊ दिला नव्हता, म्हणजे आरोहीचाही जाऊ दिला नसणार. सुनेनं माणूस बरोबर निवडलं होतं.

खरं तर बजाबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्यांना गुलनाजचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका.