कमलवन्संचा चर

कमलवन्संची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. श्रावण संपत आला होता. मी रोजच्याप्रमाणे पेपर घेऊन गेले होते, कारण पावसाळ्यात नाशिककरांना आधी एकच बातमी लागते, गंगापूर धरण किती भरलं. "भरलं वन्सं, दारं उघडली कालच," मी म्हणाले. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "पाण्याने की गाळाने? ते छापत नाहीत मेले." नर्स हसली, मीही हसले. मग त्यांनी कूस बदलली आणि मला वाटलं, झोप लागली असेल... दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी भरून होतंय तोच फोन वाजला. तुमच्या आजोबांनी घेतला. बहीण गेल्याचं त्यांनी मला सांगितलं नाही, नुसता रिसीव्हर माझ्या हातात दिला.

ईशान, सई, तुम्ही तिकडून विचारलंत, कमलआजी म्हणजे नक्की आपली कोण आणि ती सारखी डोंगरावर का जायची. फोनवर हे सांगता येण्यासारखं नव्हतं. छापून आलं तर कात्रण पाठवता येईल, म्हणून इथे लिहिते. शेवट आधी लिहून गेले, बाकीचं क्रमाने सांगते; मला तसंच लागतं हे तुम्हाला माहीत आहेच.

कमलवन्सं आजोबांच्या धाकट्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद. लग्न केलं नाही. कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि नाशिक रोडला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एकट्या राहायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निवृत्त झाल्या तेव्हा आम्हाला वाटलं, आता भिशी, भजन, एखादी सहल. पण त्यांनी भिंतीवर पेठ रस्त्याकडच्या डोंगरांचा नकाशा लावला आणि त्यावर लाल पेन्सिलीने एक रेघ ओढली. त्या रेघेच्या आत पडणारा सगळा पाऊस एकाच ओढ्यात उतरत होता. तो ओढा पुढे धरणात येत होता आणि धरणातून आपल्या नळाला. "हा एवढा उतार धरून ठेवला ना वहिनी, तर ओढा उन्हाळ्यातही वाहील," असं त्या इतक्या सहज म्हणाल्या की जणू पडद्याचं कापड मापत होत्या. आजोबा म्हणाले, "कमळे, जन्मभर भूगोल शिकवलास, आता बदलायलाच निघालीस?" त्या म्हणाल्या, "तू इतिहासच वाच, दादा. त्यात आयतं सगळं होऊन गेलेलं असतं."

त्या उतारावर, अगदी माथ्याजवळ, कोकणा आदिवासींचा एक पाडा होता. नागली आणि थोडं भात पिकवायचे, शेळ्या पाळायचे. पावसाळ्यात अंगावर पाऊस झेलायचे आणि संक्रांतीनंतर बायका हंडे घेऊन डोंगर उतरायच्या, कारण वर पाणी थांबतच नसे. पायथ्याला दुसरं गाव होतं, टोमॅटो आणि भाजीपाला पिकवून नाशिकच्या बाजारात आणणारं. वन्संचं म्हणणं साधं होतं. पाड्याने उताराला आडवे चर खोदायचे, घळींत दगड रचायचे आणि डोंगर काही वर्षं शेळ्यांना बंद ठेवायचा. पाणी पळायच्या ऐवजी मुरेल. मुरलेलं पाणी खालच्या गावाच्या विहिरींना फुटेल, कारण पाणी वर चढत नाही. मग खालच्यांनी त्यातलं प्यायचं पाणी मोटर लावून पाड्यावर चढवून द्यायचं. कष्ट वरच्यांचे, पाणी खालच्यांकडे, आणि त्यातलं थोडं परत वर. सगळं काम या एका देवाणघेवाणीवर उभं होतं.

कागदावरच्या सह्यांवर पाड्याचा विश्वास नव्हता. जिवलीबाई म्हणून तिथली एक म्हातारी होती, तिच्या शब्दाला वजन. ती म्हणाली, "वाघदेवासमोर बोलू. मग कोणी फिरायचा नाय." पाड्याच्या शिवेवर लाकडी फळी उभी असते, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले. दिवाळीआधी वाघबारशीला तिथे सगळा पाडा जमतो, स्वयंपाक रांधतो आणि गुरांची राखण कर म्हणून वाघदेवाला सांगतो. त्या वर्षी एकेकाने फळीला हात लावून शपथ घेतली, की डोंगरात शेळी सोडणार नाही. वन्संनीही घेतली, हा डोंगर राखीन म्हणून. फळीशेजारचा पहिला चर त्यांनी स्वतः खोदला होता. हाताला फोड आले होते आणि ते त्या महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होत्या. खालच्या गावचे रामभाऊ, मोठे बागायतदार, चार माणसं घेऊन आले होते. पंगतीला बसले, माना डोलावल्या, "ताई, पाण्याला कोण नाही म्हणंल?" म्हणाले.

पाड्याने शब्द पाळला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी शेळ्या विकल्या, ज्या ठेवल्या त्यांना पाला कापून दारात आणून घातला. चर खोदले गेले, गवत कमरेएवढं झालं आणि तिसऱ्याचौथ्या पावसाळ्यानंतर खालच्या गावच्या विहिरी होळीपर्यंत तुडुंब राहिल्या. वन्सं माझ्याकडे पेढे घेऊन आल्या. आयुष्यात त्यांनी एवढा एकच पेढा स्वतःच्या कामाचा वाटला.

त्या उन्हाळ्यात मोटर लागली नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. खाली टोमॅटोच्या जोडीला दुसरं पीक उभं राहिलं, विहिरी खोल झाल्या, बोअर पडले. हंडे घेऊन बायका उतरतच होत्या... आता निदान विहिरीत पाणी दिसतं तरी, असं त्या आपसात थट्टेने म्हणत. एकदा वन्संबरोबर मी रामभाऊंच्या मळ्यात गेले. त्यांनी चहा केला, खुर्च्या झटकून दिल्या. वन्सं म्हणाल्या, "रामभाऊ, त्या दिवशी तुम्ही पंगतीला होतात. मान डोलावलीत."

"डोलावली की. मान डोलावली ताई, फळीला हात कुठं लावला?"

"म्हणजे?"

"तो वाघदेव वरच्यांचा. त्याची शीव पांदीच्या वाटेपाशी संपती. आमचा मारुती हाय. त्याला कोणी विचारलं नाय, नारळ नाय, काय नाय. दुसऱ्याच्या देवापुढं आमच्या गावाला कसं बांधून घेता तुम्ही?" आणि मग हसून, "चहा घ्या, गार व्हतोय."

ते काही खोटं बोलत नव्हते. परतताना एस.टी.त वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. "वहिनी," त्या म्हणाल्या, "मी पाण्याची रेघ काढली. देवांच्या शिवा काढायच्या राहिल्या. पहिल्या दिवशी मारुतीपुढे गेले असते तर सगळं गाव हात लावून मोकळं झालं असतं. तेव्हा विहिरी कोरड्या होत्या." आता विहिरी भरल्या होत्या. वन्सं मारुतीपुढे शपथ घ्या म्हणून कितीदा तरी गेल्या. यात्रा होऊ द्या, निवडणूक होऊ द्या, लग्नसराई उरकू द्या... नाही कोणीच म्हटलं नाही. हाती आलेल्या पाण्यावर शपथ कोण घेतो?

शेवटी पाड्याची माणसं नाशिक रोडला वन्संच्या घरी आली. मी तिथेच होते. जिवलीबाई खाली जमिनीवर बसली, खुर्चीवर बसेना. "ताई, आम्ही मोडत नाय. वाघदेवाकडून सोडवून घेतो. नारळ देऊ, कोंबडं देऊ. तुम्ही पण या, तुमची पण सुटंल." वन्सं म्हणाल्या, "तुम्ही घ्या सोडवून. तुमचा हक्क आहे. मी येणार नाही." ती म्हणाली, "मंग तुमची राहील." वन्सं म्हणाल्या, "राहू दे." त्या दिवाळीनंतर शेळ्या डोंगरावर परत आल्या. दोन पावसाळ्यांत चर बुजले, घळींतले दगड वाहून गेले. खालच्या विहिरीही पुढे खडखडीत झाल्या, मग त्यांनी आणखी खोल बोअर मारले. भिंतीवरचा नकाशा वन्संनी काढला नाही, पण त्याच्याकडे पाठ करून बसू लागल्या. मग आजारपण सुरू झालं.

यंदा वाघबारशीला मी पाड्यावर गेले. त्यांना कळवायला हवं होतं. जिवलीबाई आता नीट चालू शकत नाही. तिने ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि माझा हात धरून मला शिवेवर नेलं. सगळा उतार उघडाबोडका, लाल. वाघदेवाच्या फळीशेजारी मात्र काट्यांच्या फेसाटीचं कुंपण होतं, आत हातभर रुंदीची एक आडवी खाच आणि गवत. वन्संचा चर. त्यांची शपथ सुटली नव्हती म्हणून पाड्याने तेवढ्या जागेत शेळी जाऊ दिली नव्हती. दर वर्षी कुंपण नवं घालत होते.

"पोरींना लय वळसा पडतो शेळ्या हाकताना," जिवलीबाई म्हणाली. "पण करणार काय? आता ताई नाय. घरचं माणूस सोडवू शकतं. तुम्ही सोडवा, बाई."

मला नाही म्हणायचं होतं. त्या सगळ्या डोंगरावर वन्संचं तेवढंच उरलं होतं. पण ते पाणी धरत नव्हतं, एवढंसं गवत धरत होतं, आणि ज्यांनी शब्द पाळून काही मिळवलं नाही, त्यांनाच अजून सांभाळायला लागत होतं. माझं मी ठरवलं. फळीला हात लावला, वन्संचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, सुटली. नारळ मीच फोडला. पाणी हातातून निसटून चरात सांडलं आणि बघता बघता जिरलं. पोरींनी काटे ओढून बाजूला केले, पहिली शेळी आत शिरली. मी चराकडे बघत उभी होते. ते पाणी कुठे जाणार ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं... खाली, रामभाऊंच्या विहिरीला.